रामरज की मोरपंखी?

पत्र ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आलंय. "नाव छापू नका, सासूबाई हे सदर वाचतात," असं वरच्या कोपऱ्यात लिहिलंय. बाकी पत्र थोडं आटवून देते:

"आमचं घर जुनं, चुन्याच्या भिंती, वर छताला दगडी पटिया. बैठक १२ बाय १८ फूट, उंची ११. खिडकी एकच, उत्तरेला गल्लीत उघडणारी. समोरच्या भिंतीत चौकात जायचं दार आणि पाच कोनाडे. गल्लीच्या भिंतीला दर पावसाळ्यात खालून ओल चढते. दोन वर्षांपूर्वी पुट्टी मारून प्लास्टिक पेंट करून घेतला, त्याचेही पोपडे पडले. मार्गशीर्षात मुलाचं लग्न आहे. सासूबाई म्हणतात, बैठक पहिल्यापासून रामरजची पिवळी आहे, पिवळीच राहील. मुलाला आणि होणाऱ्या सुनेला मोरपंखी हवाय, चांगला गडद, गल्लीची अख्खी भिंत. शिवाय कोनाडे बुजवून सपाट करायचेत. ह्यांचं म्हणणं, दोन भिंती पिवळ्या करा, दोन मोरपंखी, भांडण मिटलं. आता तुम्हीच सांगा कुठला रंग. आणि दारांना कुठला तेही सांगा."

ताई,

तुमच्या यजमानांच्या तोडग्यापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांत आधी बाद होतो. निम्मं-निम्मं वाटून देणं शेतजमिनीला ठीक आहे. भिंतींवर दोन उलटे रंग सारखेच पसरले, की आत आलेल्या माणसाला कळतच नाही की ही पिवळी बैठक आहे आणि तिच्यात काही निळं आहे, की उलट. डोळा एकदा इकडे, एकदा तिकडे. दहा मिनिटांत पाहुणा चहा संपवून उठतो. एक रंग यजमान हवा आणि दुसरा पाहुणा. आता यजमान कोण, हे माझ्या-तुमच्या आवडीपेक्षा तुमच्या भिंतींनीच बरंचसं ठरवून टाकलंय.

पिवळा मला स्वतःला एकदा चांगलाच नडलाय. थाटीपूरला राहायला गेलो तेव्हा शेडकार्डावरचा एक लिंबोणी तुकडा फार आवडला. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा! चार भिंतींना लावल्यावर खोली बेसनाचा डबा आतून दिसावा तशी झाली. शेजारच्या काकूंनी आल्या आल्या विचारलं, "बरं नाही का गं तुला?" तोंडावर भिंतींची झाक पडून मला कावीळ झाल्यासारखी दिसत होती. तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवलेल्या बाईला हे आधी कळायला हवं होतं. पिवळी भिंत समोरच्या पिवळ्या भिंतीवर उजेड टाकते, ती पुन्हा हिच्यावर, आणि दर फेरीला रंग आणखी पिवळा होत जातो. म्हणून पिवळा निवडताना कार्डावर जो आवडेल त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या फिका आणि थोडा मातकट घ्यायचा.

तुमच्याकडे तर उजेड उत्तरेचा. म्हणजे ऊन नाही, नुसता आकाशाचा उजेड, आणि तो निळसर असतो. त्यात लिंबोणी पिवळा हिरवट, आजारी दिसायला लागतो. रामरजचं तसं होत नाही. ती शेवटी पिवळी माती, तिचा पिवळेपणा लोखंडाच्या गंजाच्याच कुळातला, त्यात तांबूस झाक असते. थंड उजेडातही ती उबदार राहते. सासूबाई "पहिल्यापासून आहे" म्हणतात ते सवयीनं म्हणत असतील, पण ज्यानं पहिल्यांदा ती निवडली त्यानं त्या खोलीत बसून बघितलं होतं एवढं नक्की.

आता मुलाची बाजू. अंधाऱ्या खोलीत गडद रंग नको, हा नियम मी मानत नाही. कमी उजेडाची खोली पांढरी केली म्हणून उजळत नाही, राखाडी होते. गडद मोरपंखी संध्याकाळी दिव्यात फार देखणा दिसतो, आणि बैठकीत माणसं संध्याकाळीच बसतात. तेव्हा रंगावर माझा आक्षेप नाही. भिंत चुकली आहे, आणि ती दोनदा चुकली आहे.

एक तर ती खिडकीची भिंत. दिवसा खोलीतली सगळ्यांत काळोखी भिंत खिडकीचीच असते, कारण उजेड तिच्यातून येतो, तिच्यावर पडत नाही. गडद मोरपंखी अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण दहावा हिस्साच परत देतो, फिकी रामरज निम्म्याहून जास्त देते. (रंगांच्या कंपन्या हा आकडा ० ते १०० मध्ये मोजतात, त्याला एल.आर.व्ही. म्हणतात. दुकानात विचारलंत तर काढून देतात.) तशा काळोख्या भिंतीच्या मधोमध लख्ख चौकोन आला, की समोर बसलेल्याचे डोळे दिपतात आणि भिंत निळी न दिसता काळी दिसते. मुलानं कुठे फोटोत निळी भिंत पाहिली असेल तर ती नीट बघा, उजेड तिच्या समोरून येत असणार.

दुसरं म्हणजे ओल. जमिनीतलं पाणी चुन्याच्या भिंतीत चढतं, सोबत क्षार घेऊन चढतं. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तोच तुमचा लोणा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावलात तेव्हा पाण्याची बाहेर पडायची वाट बंद झाली. मग क्षार पेंटच्या मागे साठले आणि पोपडा ढकलून बाहेर आले. पुताईवाल्याचा हात वाईट होता असं नाही, त्या भिंतीवर कुठलाही प्लास्टिक पेंट असाच पडणार. मोरपंखी लावलात तर एवढाच फरक, की पिवळ्यावर लोणा जेमतेम दिसतो आणि गडद निळ्यावर पहिल्याच श्रावणात मीठ सांडल्यासारखा दिसेल. नवी सून पहिल्या मंगळागौरीला ते बघेल.

बरं, मोरपंखी चुन्यात का करत नाही म्हणाल, तर होत नाही. चुना मुळात पांढरा, त्यात कितीही निळा घाला, फार तर अस्मानी मिळतो. शिवाय चुना तिखट. सगळे निळे त्यात टिकत नाहीत, काही महिन्यांत उडतात. रामरजला मात्र चुना मानवतो. थोडक्यात, त्या भिंतीपुरता निकाल सासूबाईंच्या बाजूनं लागला, आणि त्या भिंतीला चुना म्हटल्यावर शेजारच्या तिन्हींना प्लास्टिक पेंट देऊन तोच पिवळा जुळत नाही. चुन्याला ढगाळपणा असतो, प्लास्टिक पेंट सपाट. तेव्हा सगळी बैठक चुना-रामरज.

पण कोनाडे बुजवायचे नाहीत! हे मी सूनबाईंसाठीच म्हणतेय.

शेवटचं किल्ल्यावर कधी गेला होतात? आपण ग्वाल्हेरकर पाहुणे आले की जातो, त्यांना सासबहूचं देऊळ दाखवतो, भूक लागली की उतरतो. एक दिवस सकाळी मुलाला आणि सुनेला घेऊन मानमंदिरासमोर उभ्या राहा, पूर्वेच्या अंगाला, ऊन समोरून पडतं तेव्हा. मानसिंह तोमर १४८६ ते १५१६ राज्य करत होता, त्याचा हा महाल. तिथला निळा सगळ्यांच्या लक्षात राहतो, "तो निळ्या फरशांचा महाल" असंच म्हणतात लोक. तिथे उभं राहून बघितलं की कळतं, निळा आहे किती थोडा. सगळा डोलारा पिवळसर वाळूच्या दगडाचा आणि निळा फक्त पट्ट्यांत, नक्षीत, खाचांत. एका पट्टीत निळ्यावर पिवळी बदकं ओळीनं चाललीत. हत्ती आहेत, हिरव्या केळी आहेत. बाबर १५२८ मध्ये आला तेव्हा त्यानंही त्या केळींची नोंद केली. दगडात एवढासा निळा, आणि पाचशे वर्षं नाव निळ्याचंच. तुमच्या सुनेला जे हवंय ते हेच आहे, फक्त ती ते अख्ख्या भिंतीवर मागतेय.

तर मोरपंखी कोनाड्यांच्या आत. पाठ, दोन्ही बाजू, तळ, माथा, सगळं आतून गडद, कडेपर्यंत. कोनाड्याबाहेर एक इंचही नाही. ही भिंत खिडकीच्या समोरची, म्हणजे उत्तरेचा थंड उजेड थेट तिच्यावर येतो आणि निळ्याला तोच मानवतो. ती आतली भिंत असल्यानं कोरडीही असावी, म्हणून तिथे प्लास्टिक पेंट चालेल. खात्री करून घ्या. कोनाड्याच्या तळाशी हातभर पातळ प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दंव धरलेलं असलं तर थांबा. पेंट बिनचकाकीचा, मॅट घ्या. चकाकी असली की कोनाड्यात ट्यूबलाइट दिसते.

किती लागेल तेही सांगते, नाहीतर दुकानदार चार लिटर गळ्यात घालेल. दीड बाय दोन फुटांचा, ९ इंच खोल कोनाडा धरला तर आतून साधारण ८ चौरस फूट. पाचांचे ४०. चांगला पेंट दोन हातांत लिटरला १२० ते १४० चौरस फूट जातो. गडद रंगाला तिसरा हात लागतो, कारण गडद छटा ज्या बेसमध्ये बनवतात त्यात पांढरा जवळजवळ नसतो आणि झाकायचं काम पांढरा करतो. खाली राखी रंगाचा प्रायमर मारायला सांगा, मग तिसऱ्या हाताला एकसारखा दिसेल. एवढं करूनही अर्धा लिटर पुरतो. एक लिटरचा डबा घ्या, उरेल.

आणि मुलाची स्वतःची खोली? तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. वरच्या मजल्यावर असेल आणि ओल नसेल, तर तिथे त्या दोघांना हवा तेवढा मोरपंखी करू द्या, फक्त खिडकीची भिंत आणि छत मोतिया ठेवा. खिडकी पश्चिमेला असली तर आणखीच छान. चारचं तांबडं ऊन त्या रंगावर पडलं की तो हिरव्याकडे झुकतो. १० बाय १२ची खोली असली तर तीन भिंतींना तीन हातांचे साडेतीन लिटर पुरे होतात. एक सांगून ठेवा त्यांना, गडद मॅट भिंतीला खुर्चीची पाठ घासली की पांढरट वळ उठतो, आणि तेवढ्याच जागी हात मारला की ठिगळ दिसतं. माझ्या भाच्याकडे पलंगामागे अशी सात ठिगळं आहेत. डब्यावरचा छटेचा कोड लिहून ठेवायचा आणि डाग पडला तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंत रंगवायची.

आता गल्लीची भिंत, कारण खरं काम तिथे आहे. पुट्टी आणि पेंट पूर्ण खरवडून काढा, चुन्यापर्यंत. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, खाली कागद पसरून तो कचरा घराबाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. गल्लीतली नाली भिंतीला चिकटून असेल तर तिचं आधी बघा, नाहीतर हे सगळं दर दोन वर्षांनी. पाऊस गेला की भिंत उघडी ठेवा, दिवाळीतही उघडीच. पाहुण्यांना काय वाटेल म्हणून घाई करू नका, लग्न मार्गशीर्षात आहे. चुना निदान रात्रभर भिजलेला, गाळलेला, पातळ. भिंत थोडी ओली करून तीन हात, रोज एक. ओला असताना तो पारदर्शक आणि गडद दिसतो, वाळल्यावर कितीतरी फिका होतो. म्हणून रामरज किती घालायची ते आधी एका कोपऱ्यात लावून, वाळवून ठरवा. पुताईवाल्याला डोळे सांभाळायला सांगा. दिवाण भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. हवा खेळेल आणि पाहुण्यांच्या कोटाची पाठही पिवळी होणार नाही.

पटियांना पांढरा चुना, नीळ घालून. आमच्या लहानपणी दिवाळीआधी पुताई व्हायची, तेव्हा पुताईवाला पिंपातल्या चुन्यात निळीची पुरचुंडी हलवायचा आणि मला वाटायचं आता घर निळं होणार. व्हायचं मात्र आणखी पांढरं. चुन्यात जो किंचित पिवळेपणा असतो तो निळीनं मारला जातो. पिवळा आणि निळा एकत्र कालवले की एकमेकांचा जोर काढतात, आणि शेजारी ठेवले की एकमेकांना चढवतात. म्हणूनच एवढ्याशा कोनाड्यातला मोरपंखी भिंतीएवढा वाटेल. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचा प्रमुख होता. काळी लोकर फिकट येते अशा तक्रारी त्याच्याकडे आल्या. त्यानं तपासलं, रंगाईत दोष नव्हता. शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे काळ्याला फिकट दाखवत होते. १८३९ मध्ये त्यानं हे सगळं छापलं.

तुमच्या कामाचं त्यातलं एवढंच, की नमुन्याचा रंग जुन्या भिंतीवर फासून बघू नका. भोवतीचा जुना पिवळा खोटं बोलेल. जाड पुठ्ठा घ्या, कोनाड्यात मावेल एवढा, त्यावर मोरपंखीचे दोन हात मारा आणि तो कोनाड्यात उभा करून ठेवा. आडवा जमिनीवर ठेवून बघितलेला रंग भिंतीचा नसतो. सकाळी आठला बघा, दुपारी बघा आणि सातला दिवे लावून बघा. छटा निवडताना मोरपंखीतला हिरवा फार चढलेला नको. हिरवट निळ्याच्या अगदी उलट बाजूला नारिंगी बसतो, म्हणून तांबूस रामरज त्याला साथ देते. तिथे लिंबोणी असता तर दोघं मिळून तोंडली-पोपटी झाले असते.

आणि दिवे! मी हे आधीच लिहायला हवं होतं. बैठकीत पांढरी एलईडी पट्टी असणार, खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचा आकडा) लिहिलेली. तिच्या उजेडात रामरज मलूल दिसते. २७०० केचा पिवळा दिवा लावाल तर रामरज खुलते, पण कोनाडे काळे पडतात. ४००० केचे घ्या, दोन्ही रंग तगतात. रंगाचं दुकान गाठण्याआधी दिवे बदला आणि पुठ्ठा त्यांच्याच उजेडात बघा. नुसते दिवे बदलून "रंग छान आहे की आपला" असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत.

सासूबाईंना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण ओळींमध्ये आहे. त्यांना सांगू नका, विचारा. त्यांच्या ट्रंकेत हळदी अंगाची, निळ्या काठाची एखादी चंदेरी निघेलच, आपल्या बायकांच्या ट्रंकेत ती असतेच. ती काढून कोनाड्याच्या भिंतीवर पसरा आणि पुठ्ठा शेजारी धरा. काठ किती रुंद असावा हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आणि त्या हे सदर वाचतात म्हणालात, तेव्हा आजी, नमस्कार. बैठक पिवळीच राहतेय.

राहिली दारं. सागवानी आहेत का ते लिहिलं नाहीत. बिजागरीजवळ, दिसणार नाही अशा जागी जुना ऑइलपेंट खरवडून बघा. सागवान निघालं तर रंग देऊ नका, सगळं घासून जवसाचं तेल चोळा, पातळ, दोनदा. दुसरं लाकूड असेल तर तपकिरी. मोरपंखी अजिबात नाही, मधलं दार निळं झालं तर दोन्हीकडचे कोनाडे गिळून टाकेल. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, दोरीवर सुटी वाळत घाला. बोळा करून ठेवली तर आतून तापत जाऊन ती आपोआप पेट घेतात.